दोन बोटांचं हूड

लग्नात जोडपं पूर्वेकडं तोंड करून बसवतात. आमच्या भागात तेव्हा बरीच लग्नं गोरज मुहूर्तावर लागायची, म्हणजे दिवस मावळायच्या बेताला. त्या वेळी सूर्य जोडप्याच्या पाठीमागं असतो आणि फोटो काढणारा त्यांच्या समोर, म्हणजे सूर्याच्या थेट तोंडावर. भटजी मुहूर्त बदलत नाही, बसायची दिशा बदलत नाही, आणि सूर्य तर कुणाचंच ऐकत नाही. आपल्या हातात एवढंच राहतं की कॅमेऱ्याच्या डोळ्यापुढं काय बसवायचं. हे मला माझ्या मामांनी शिकवलं. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली. त्यापुढं जे शिकले ते शिरूरला मामांच्या स्टुडिओत शिकले, आणि त्यातलं बरंचसं त्या डोळ्यापुढच्या हूडाबद्दलचं होतं.

वडील गेले तेव्हा मी लहान होते. नदीकाठाला आमचा जमिनीचा एक तुकडा होता, त्यात आई झेंडू आणि शेवंती लावायची. थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो, आईच्या हाताखाली फुलं तोडायची. मला मामींच्या मदतीला म्हणून बाजारपेठेतल्या मामांच्या घरी ठेवलं. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मधे घर, मागं मोरी, आणि मोरीच्या शेजारी ज्वारीची पोती ठेवायची खोली. तीच मामांची डार्करूम. सकाळी जाग यायची ती मामींच्या भाकरी थापायच्या आवाजानं आणि नगर रस्त्यावर उतारावर गिअर बदलणाऱ्या ट्रकच्या आवाजानं. जेवणात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पातळ पिठलं. त्या सगळ्याला हायपोचा एक आंबूस वास असायचा. फोटो धुवायच्या पाण्यात ते औषध घालतात. मामी म्हणायच्या, तुमच्या त्या पाण्यानं माझं दूध नासतंय. मामा म्हणायचे, तुझ्या दुधात गवळ्याचंच पाणी एवढं हाय, माझं कुठनं मावंल? असं दिवसातून एकदा तरी व्हायचंच, आणि दोघंही रोज नव्यानं रागवायचे.

मी फार बुजरी होते. गिऱ्हाईक आलं की पडद्यामागं जायची. कुणी नाव विचारलं तर मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडं बघायची. मामींना वाटायचं पोरगी मुकी निघाली की काय. मामा मात्र म्हणाले की हिला माझ्याकडं द्या, डार्करूमला बोलणारं माणूस लागत न्हाई.

मामांचा कॅमेरा दोन डोळ्यांचा होता, एकावर एक. वरच्या डोळ्यातून बघायचं, खालचा डोळा फोटो काढायचा. खालच्या डोळ्यावर तिरपं ऊन पडलं की फोटोवर दुधाची साय धरल्यासारखं व्हायचं, नवरीचा शालू आणि पाठीमागचं आभाळ एकच दिसायचं. ऊन लागलं की आपण कपाळावर हात धरतो, तसा कॅमेऱ्याला धरायचा हात म्हणजे हूड. मामांनी पुण्याहून एक रबरी हूड आणलं होतं, ते उन्हाळ्यात मऊ पडून एका बाजूनं लोंबायचं. मग त्यांनी पावडरचा डबा कापून हूड केलं आणि आतून काळा ऑइलपेंट दिला. ते दिसायला झोकात होतं, पण आतून चकाकायचं. बाहेरचं ऊन अडवायचं आणि आतल्या चकाकीनं पुन्हा तेच ऊन काचेवर टाकायचं. मामांनी मला डबा दिव्याकडं धरायला लावला आणि विचारलं, आत दिवा दिसतोय का? मी दिसतोय म्हणाले. मग हे हूड न्हवं, आरसा हाय, मामा म्हणाले.

त्यावर उपाय माझा होता आणि मला त्याचा आजही थोडा अभिमान वाटतो. मामींच्या ब्लाऊजच्या तुकड्यांत काळी मखमल होती. ती मी कापून खळीनं डब्याच्या आत चिकटवली. मखमल ऊन पिऊन टाकते, परत देत नाही. मामा दोन दिवस ते हूड खिशात घेऊन हिंडले आणि भेटेल त्याला दाखवत राहिले. तिसऱ्या दिवशी खळीच्या वासानं कॅमेऱ्याच्या पेटीत मुंग्या झाल्या. मामी म्हणाल्या, नवरा-नवरीबरूबर मुंग्यांचाबी फोटो निघंल आता. मग मी खळीत मोरचूद घालायला शिकले.

हूड जितकं लांब तितकं चांगलं असं कुणालाही वाटेल, मलाही वाटायचं. ऊन जास्त अडतं हे खरं. पण लांब नळीतून बघितलं की कडेचं दिसत नाही. तोंड रुंद करावं तर ते वरच्या डोळ्याच्या आड येतं. म्हणून मामांनी दोन हूडं ठेवली होती. एक चार बोटं लांब, ते नुसत्या जोडप्याच्या फोटोसाठी. त्यात फोटोचे चारही कोपरे काळे व्हायचे, पण जोडपं मधोमध असायचं, आणि लोकांना तर तो काळा गोल आवडायचा, मुद्दाम केलाय असं वाटायचं. दुसरं दोन बोटांचं, ते ग्रुप फोटोसाठी. त्यात थोडं ऊन शिरलं तरी चालेल, पण कोपरा जाता कामा नये. खोट अशी होती की बघणारा डोळा वरचा आणि हूड खालच्या डोळ्यावर. त्यामुळं लांब हूड बसवलेलं असलं तरी वरून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसायचं.

म्हणून हूड कापलं की ते तपासावं लागायचं, आणि ते काम माझ्याकडं होतं. रीळ नसताना कॅमेऱ्याची पाठ उघडायची, रीळ जिथं असतं तिथं बटर पेपर लावायचा, खालचा डोळा उघडा धरायचा आणि डोक्यावरून काळं कापड घ्यायचं. कागदावर समोरचा रस्ता उलटा उतरायचा, खाली आभाळ, वर टांगे आणि माणसं. मला तिथं फार बरं वाटायचं. कापडाखाली मला कुणी बघत नसे आणि मी सगळ्यांना बघत असे. मामा बाहेरून म्हणायचे, “मधलं कुणीबी बघतंय. तू कोपरं बघ.” मग मी एकेक कोपरा बघायची आणि अंधार दिसला की हूडाची कड कात्रीनं दोऱ्याएवढी कमी करायची.

परवा अक्काचा नातू दौंडहून आला होता. तो लग्नाचे फोटो काढतो. त्यानं नवीन हूड मागवलं होतं, फुलाच्या पाकळ्यांसारखं कापलेलं, आणि ते आडवंच बसवलं होतं. मी म्हणाले, अरे, फिरव ते. लांब पाकळ्या वर-खाली, आखूड बाजूला, आणि खोबणी कोपऱ्याला. तो माझ्याकडं बघतच राहिला. आजी, तुम्हाला कसं काय ठावं? म्हणाला. मी भांडी घासायला गेले. ज्यानं पहिल्यांदा कोपऱ्यासाठी हूड कापलं, त्याचंही कुणीतरी कोपऱ्यात राहिलं असेल, असं मात्र मनात आलं.

अक्काचं लग्न दौंडला ठरलं. मुलगा रेल्वेत फिटर, घर रेल्वेच्या क्वार्टरमधे. लग्न त्यांच्याच दारात, कॉलनीतल्या मैदानावर मांडव. आमची बाजू लहान म्हणून त्यांनीच तसं सुचवलं होतं. आईनं स्वतःच्या हातानं वेणीची शेवंती तोडली, मांडवाला झेंडूच्या माळा केल्या, सगळं टोपल्यांत भरून टेम्पोत चढवलं. पण मांडवात पाऊल ठेवलं नाही. विधवेनं मंगल कार्यात पुढं यायचं नाही, हळदीला हात लावायचा नाही, नवरीला ओवाळायचं नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती आपणच आपल्याला मागं ठेवायची. मांडवाच्या पाठीमागं आचाऱ्याच्या चुली होत्या, तिथं ती बुंदीच्या परातीजवळ बसून राहिली. वडील गेल्यापासून तिनं एकदाही फोटो काढू दिला नव्हता. आख्ख्या शिरूरचे फोटो काढणाऱ्या भावाच्या घरी तिचा एक फोटो नव्हता. मामा कितीदा म्हणाले, तायडे, बस की एकदा. ती म्हणायची, मला बघून कुणाचं भलं व्हायचं हाय?

अंतरपाटाच्या वेळी मामा नवरीच्या पाठीशी उभे राहतात. त्यामुळं तेवढ्यापुरता कॅमेरा मामांनी माझ्या गळ्यात घातला. चार बोटांचं हूड बसवलेलं होतं. मंगलाष्टकं चालू होती, अक्षता उडत होत्या, सूर्य बरोबर अंतरपाटाच्या मागं उतरलेला. मी वरच्या डोळ्यात बघून तीन फोटो काढले. ते तीन फोटो फार सुंदर आले. अक्काच्या मुंडावळ्यांचा एकेक मोती त्यात मोजता येतो. अक्षता उन्हात हवेतच थांबल्यासारख्या दिसतात. मांडवात मला पहिल्यांदाच कुणाची भीती वाटली नव्हती.

मग ग्रुप फोटोची गडबड सुरू झाली. जाजम, जाजमावर पोरंसोरं, मागं खुर्च्या, खुर्च्यांमागं उभी माणसं, त्यांच्या मागं बाकावर चढलेले पुरुष. रिळात एकच फोटो उरला होता आणि दुसरं रीळ पेटीत, पेटी क्वार्टरमधे. मामा म्हणाले, ऊन चाललंय, यातच उरकू. त्यांनी कॅमेरा माझ्याकडून घेऊन तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवला. मी पिशवीतून दोन बोटांचं हूड काढलं. तेवढ्यात अक्का खुर्चीवरून उठून उभी राहिली. आईला बोलवा म्हणाली, आई आल्याबिगर मी बसणार न्हाई. नवरी असं बोलते म्हटल्यावर मांडवातल्या सगळ्यांच्या माना वळल्या. नवरा मुलगा चांगला होता. बोलवा की, म्हणाला. अक्काच्या सासूबाईंचं तोंड उतरलं, पण चारचौघांत त्या नाही म्हणाल्या नाहीत. मामांनी मला खूण केली, जा, घेऊन ये.

मी हूड मुठीत धरूनच पळाले.

आई उठेना. “सवाष्णींच्यात मी कुठं येऊ गं,” म्हणाली, “पहिलाच दिस हाय पोरीचा.” मी तिचा हात धरला आणि ओढला. आयुष्यात मी कुणाला असं ओढलं नव्हतं. अक्का उभी राहिलीया, सगळे थांबल्यात, म्हणाले. आचारी पण म्हणाला, जावा की मावशी, लेकीचं मन मोडू नका. तिनं हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि माझ्यामागून आली. सासूबाई म्हणाल्या, “या, विहीणबाई. तुमच्यापायी सूर्य काय थांबायचा न्हाई.” लोक हसले. आईही हसली. अक्कानं शेजारची खुर्ची दाखवली, पण ती तिकडं गेलीच नाही. जाजमावरच्या पोरांच्या ओळीत, अगदी टोकाला, जिथं जाजम संपत होतं तिथं ती खाली बसली. शेजारी नवरदेवाची भाची होती, चार-पाच वर्षांची. आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मी मामांपासून चार पावलांवर होते. मामा वाकून वरच्या डोळ्यात बघत होते. खालच्या डोळ्यावर चार बोटांचं हूड तसंच होतं. दोन बोटांचं माझ्या मुठीत होतं. आई बरोबर कोपऱ्यात बसली होती. हे सगळं मला त्या क्षणी माहीत होतं. उगाच नंतर कळलं असं म्हणणार नाही. चार पावलं टाकायची होती आणि मामा, थांबा, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर पन्नास माणसं कॅमेऱ्याकडं बघत गप्प बसली होती, आणि मधे गेले असते तर ती सगळी माझ्याकडं बघणार होती. सासूबाईंनी मघाशीच टोमणा मारला होता. मी मनाशी म्हणाले, आई तेवढी टोकाला नसंल. मामा म्हणाले, हं, हलू नका. आणि झालं.

चार दिवसांनी शिरूरला ज्वारीच्या खोलीत लाल दिव्याखाली आम्ही तो फोटो धुतला. कागद पाण्यात घातला की आधी काळं उमटतं, मग माणसं. त्या दिवशी आधी चार काळे कोपरे उमटले. मग अक्का, तिचा नवरा, बाकावरचे पुरुष, जाजमावरची पोरं. उन्हाची एक बारीक कड सगळ्यांच्या केसांवर आली होती, इतका स्वच्छ फोटो मामांनी आधी कधी काढला नव्हता. टोकाला ती भाची दिसत होती. तिच्या खांद्यावर एक हात होता. हातात काचेची बांगडी नाही, नुसतं मनगट, आणि मनगटाच्या मागं अंधार.

मामा बराच वेळ ताट हलवत राहिले. मग म्हणाले, “लांब व्हतं?” मी व्हय म्हणाले. त्यांनी मला मारलं नाही, ओरडले नाहीत. वाईट वाटून घेऊ नकोस, कॅमेरा माझ्या हातात व्हता, मीच बघायला पायजे व्हतं, म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, हे बाहेर बोलू नकोस. रेल्वेवाल्यांस्नी कळलं तर अक्काला ऐकवतील की तुमच्यात फोटोग्राफर मामा आन् आईचाच फोटो काढता येईना. ऊन गेलं व्हतं म्हणून सांगू. मी मान हलवली. गप्प बसायला सांगितलेलं मला नेहमीच सोपं जायचं.

आई बाजाराच्या दिवशी फुलं विकून आली तेव्हा मामींनी तिला फोटो दाखवला. तिनं तो दारात उजेडाला धरला. आधी अक्काकडं बघितलं आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली. मग बोटानं एकेक जण करत टोकापर्यंत आली. भाचीच्या खांद्यावरचा हात ओळखायला तिला वेळ लागला नाही. मामा म्हणाले, ऊन गेलं व्हतं गं तायडे, त्या अंगाला सावली आली. आई म्हणाली,

“सगळ्यांवर उजेड हाय की. माझ्यावरच अंधार पडलाय.” आणि फोटो मामींच्या हातात देऊन म्हणाली, “देवाला कळतंय. मी याया नको व्हतं.”

त्या फोटोला चार कोपरे होते. बाकीच्या तीन कोपऱ्यांत माणसं नव्हती, एकात मांडवाचं कापड, एकात आभाळ, एकात नुसतं जाजम, म्हणून तिथला अंधार कुणाच्या लक्षात येत नव्हता. आईचं बोट फिरवून मी ते तीन कोपरे दाखवायला हवे होते. ती शहाणी बाई होती, लगेच समजली असती. मी दारामागं उभी होते, तिथंच राहिले. मामी म्हणाल्या, काय बाई मनाला लावून घेताय, आणि चहा टाकायला गेल्या. चहा न पिताच आई उठली.

त्यानंतर आईनं स्वतःला आणखी मागं घेतलं. अक्काला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. अक्काची पत्रं यायची, ती मीच आईला वाचून दाखवायची, मला कधी न्यायला येतेस, अशी. आईनं निरोप धाडला की रेल्वेचा दवाखाना तिथंच हाय, पहिलटकरीन हाय, तिथंच बरं. अक्काला वाईट वाटलं. सासूबाईंना बरं वाटलं. खरं कारण दोघींनाही ठाऊक नव्हतं. मला होतं. ओठापर्यंत यायचं आणि मला वाटायचं, आता एवढ्या दिवसांनी सांगितलं तर आई विचारेल, तेव्हाच का बोलली नाहीस. जितके दिवस जात गेले तितकं ते आणखी अवघड होत गेलं.

मुलगा झाला. बारशाला मात्र आई निघाली. मी आतून फार सुखावले होते. डिंकाचे लाडू, कुंची, झबली, गोधडी असं सगळं दोन पिशव्यांत भरून आम्ही न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एस.टी.त बसलो. वाटेत पाटसच्या अलीकडं उसाच्या गाड्यांनी रस्ता अडला, मळीचा गोड वास येत होता, आई खिडकीतून बघत होती आणि चक्क बोलत होती. अक्का पोटात असताना तिला ऊस खायचे डोहाळे लागले होते, ते सांगत होती. दौंडच्या स्टँडवर उतरलो. कॉलनी तिथून चालत जायच्या अंतरावर. आई पिशव्या घेऊन चार पावलं चालली आणि बाकड्यावर बसली. मला वाटलं दमली.

“तू जा,” म्हणाली. “मी हितंच बसते.”

मी म्हणाले, आई, अगं, असं कसं? ती म्हणाली, “तान्हं लेकरू हाय. मोठ्यांचं एक येळ चालंल. लेकराच्या बाबतीत मला परीक्षा बघायची न्हाई.” तिनं दोन्ही पिशव्या माझ्या हातात दिल्या, गोधडी वरून नीट दाबली. विचारलं तर सांग, फुलाची तोडणी निघाली म्हणून आली न्हाई.

मला तेव्हाच तिच्या शेजारी बसून सगळं सांगता आलं असतं. स्टँडवर गर्दी होती, कंडक्टर ओरडत होते, शेजारी एक बाई शेंगा खात होती. मी पिशव्या उचलल्या आणि गेले. अक्का दारात आली ती माझ्या पाठीमागं बघत. मी तोडणीचं सांगितलं. तिनं पिशव्या घेतल्या आणि आत गेली. दुपारी चारला मी परत आले तर आई त्याच बाकड्यावर, त्याच बाजूला तोंड करून बसली होती. मी आणलेल्या घुगऱ्या तिनं पदरात घेतल्या. एवढंच विचारलं, पोरगं दूध पितंय ना? पितंय म्हणाले.

माझंही लग्न झालं, शिक्रापूरला, आणि हूड, बटर पेपर, काळं कापड सगळं सुटलं. मामा गेले. अक्काचा मुलगा मोठा झाला, सुट्टीत शिरूरला यायचा, आई त्याला लांबून खाऊ द्यायची. त्याला काजळ मामींनी घालायचं, दृष्ट मामींनी काढायची. तो एकदा मला म्हणाला होता, आजीला मी आवडत न्हाई का? मी त्याच्या हातावर आणखी एक लाडू ठेवला.

आईला दम लागायचा आजार झाला. शेवटचे काही महिने ती माझ्याकडं होती. ऊन खिडकीतून तिच्या खाटेपर्यंत यायचं तेवढा वेळ ती उठून बसायची. एका दुपारी मी तिला भाताची पेज भरवत होते. घरात कुणी नव्हतं. मी वाटी खाली ठेवली आणि सांगितलं. दोन हूडं, चार बोटांचं आणि दोन बोटांचं, माझी मूठ, चार पावलं. तिला नीट कळेना, म्हणून मी तिचीच मूठ तिच्या डोळ्यापुढं नळीसारखी धरली आणि दाराकडं बघायला सांगितलं. मग विचारलं, दाराशेजारचा माठ दिसतो का? न्हाई म्हणाली. मूठ काढली. आता? दिसतोय. आई, माठाचा काय दोष? मी म्हणाले.

ती मुठीकडं बघत राहिली. बोटं उघडायची, मिटायची. माझ्यावर रागवेल असं वाटलं होतं, मी त्याचीच वाट बघत होते. ती रागावली नाही. म्हणाली,

“म्हंजी बारशाला मी घरात आले असते, तर चाललं असतं?”

“व्हय आई.”

तिनं उशीला पाठ टेकली. डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग तशीच म्हणाली, “पाळणा कुठं बांधला व्हता?”

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मी सांगू लागले. पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या कडीला. हिरवं लुगडं गुंडाळलं होतं. कॉलनीतल्या बायका आल्या होत्या, खोलीत मावत नव्हत्या. नाव आत्यानं कानात सांगितलं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या करताना तुझी गोधडी सगळ्या बायकांनी हातात घेऊन बघितली, टाका किती बारीक म्हणाल्या. आई मधे मधे हुंकार देत होती. घुगऱ्यांत खोबरं व्हतं का, म्हणाली. व्हतं म्हणाले. अक्कानं काय नेसलं व्हतं, म्हणाली. तेही सांगितलं. मग ती म्हणाली,

“आन् मी कुठं बसले असते?”

मी म्हणाले, पाळण्याजवळ. अक्काच्या शेजारी, मधोमध.

तिनं डोळे न उघडताच थोडा विचार केला.

“न्हाई,” म्हणाली, “दाराजवळच बरी. बायकांस्नी यायला-जायला वाट ऱ्हाती.”